बिननंबरी व्हॉल्व्ह

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद असावी.

काम: सासऱ्यांचा रेडिओ. सासरे गेल्यापासून तो आमच्या हॉलच्या कोपऱ्यात आहे. लाकडी, पोटफुगा, पुढे कापड, आत काचेचे व्हॉल्व्ह. लावला की आधी नुसतं घूं करतो, मग बऱ्याच वेळाने बोलायला लागतो, आणि बोलतानाही मागे घूं चालूच. बायको म्हणते, घूं करतो पण बोलतो ना, मग राहू दे. ही जी राहू देण्याची वृत्ती आहे, तिनेच आपला समाज मागे राहिला.

निमित्त: सासूबाई २२ तारखेला राहायला येताहेत. डोळ्यांनी आता फारच कमी दिसतं. टीव्ही त्यांच्या कामाचा नाही. फोनवर त्यांनी बायकोला एकच विचारलं, ह्यांचा रेडिओ अजून लागतो का गं. बायको म्हणाली, लागतो. मी मागून मोठ्याने सांगितलं की तुम्ही येईपर्यंत नव्यासारखा लागेल. बायकोने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. कौतुकाने असावं.

सासऱ्यांनी हयातीत मला त्या रेडिओला हात लावू दिला नाही. साधं स्टेशन बदलायलासुद्धा नाही. तुम्ही बसा जावईबापू, मी लावतो, असं म्हणायचे. थोरला साडू मात्र मागचा पुठ्ठा काढून आत फुंकर मारायचा, ते चालायचं. असो. गेलेल्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नये. मी ठेवलेलं नाही.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी

मागचा पुठ्ठा काढला. एक स्क्रू सोफ्याखाली गेला, मिळेल.

आतली अवस्था बघून वाईट वाटलं. धूळ, जाळी, एक वाळलेली पाल. पाच व्हॉल्व्ह, काळवंडलेले. ही घूं कुठून येते ते मला बघताक्षणी कळलं. घाणीतून.

एक जाडजूड कॅपॅसिटरही आहे, बाजूला उभा. डोक्याशी थोडा फुगलाय. त्याच्यावर नंबर, कंपनी, सगळं ठळक छापलेलं आहे. म्हणजे त्यात अभ्यासासारखं काही नाही. सोडून दिला.

४ मार्च, मंगळवार

पाचही व्हॉल्व्ह उपसून काढले. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं. सासऱ्यांच्या हातून कधी झालं नसेल असं काम. काच आरशासारखी झाली. प्रत्येकावर पांढरट डाग होते, जुनाट, काही केल्या निघेनात. शेवटी थिनर लावलं. निघाले.

फडक्यावर पाचही ओळीने वाळत ठेवले. बायकोला बोलावून दाखवले. ती म्हणाली, कुठला कुठे होता ते लिहून ठेवलंय ना? मी हसलो. पाच वस्तू लक्षात ठेवायला लिहावं लागत असेल तर माणसाने कारखान्याचं स्टोअर्स सांभाळू नये.

५ मार्च, बुधवार

व्हॉल्व्ह परत बसवायला घेतले. पाचही खाचा सारख्याच. कुठलाही कुठेही बसतो. हे कंपनीने मुद्दाम केलेलं दिसतं, गिऱ्हाईकाला गोंधळात टाकायला. काही हरकत नाही. नंबर बघून बसवू.

रात्री जेवणानंतर: नंबर नाहीत. पाचही व्हॉल्व्ह उलटेपालटे करून बघितले. बॅटरी लावून बघितले. भिंग लावून बघितले. काच कोरी.

कंपनीने नंबरच टाकलेले नाहीत! इतकी नावाजलेली कंपनी, आणि हा कारभार. मी पंपाच्या कारखान्यात स्टोअर्स इन्चार्ज आहे. आमच्याकडे साधा वायसर नंबराशिवाय आत येत नाही आणि नंबराशिवाय बाहेर जात नाही. आजच असेंब्लीच्या फोरमनला मी परत पाठवला, कारण त्याच्या बेअरिंगवरचा नंबर ग्रीसने झाकला होता. पुसून आणा म्हटलं.

६ मार्च, गुरुवार

फोनवर जुन्या रेडिओवाल्यांचा एक ग्रुप सापडला. सामील झालो. ग्रुप चालवणारा स्वतःला व्हॉल्व्हमामा म्हणवतो. त्याला रेडिओचं मॉडेल आणि पाचही व्हॉल्व्हचे फोटो पाठवले. लिहिलं: कंपनीने नंबर न टाकलेले पाच व्हॉल्व्ह ओळखून हवेत.

मामाचं उत्तर लगेच आलं. म्हणे ही कंपनी प्रत्येक काचेवर पांढऱ्या शाईत नंबर छापायची, न छापलेला एकही व्हॉल्व्ह त्याने जन्मात बघितला नाही. पुढे विचारतो, पुसले नाहीत ना?

मी कळवलं की प्रश्न व्हॉल्व्हचा आहे, माझ्या स्वच्छतेच्या सवयींचा नाही.

त्यावर ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी रडणारे चेहरे टाकले. एकाने हार घातलेला फोटो.

७ मार्च, शुक्रवार

शांत डोक्याने विचार केला. समजा, केवळ चर्चेपुरतं, की ते पांढरे डाग म्हणजे नंबर होते. तरी दोष कोणाचा? जी शाई साबणाने हलते आणि थिनरने जाते, ती शाई कच्ची. नंबर कोरायचा असतो. आमच्या कारखान्यात आम्ही कोरतो.

बायकोने विचारलं, काय झालं, गप्प का. मी म्हटलं, कच्ची शाई. तिला वाटलं पेनाबद्दल बोलतोय. तिने दुसरं पेन आणून दिलं.

९ मार्च, रविवार

मामा मनाने वाईट नाही. त्याने कंपनीचा जुना पार्ट कॅटलॉग पाठवला. स्कॅन केलेला, काही पानं तिरकी, एका पानावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल. कारखान्याच्या प्रिंटरवर छापून घेणार, स्पायरल बाइंडिंग करणार.

काय कॅटलॉग आहे! कंपनी स्वतःच्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा नंबर द्यायची. बाजारात तीच वस्तू दुसऱ्या नावाने मिळत असली तरी यांचा नंबर वेगळा. नंबर शोधा, समोर वस्तूचं नाव वाचा. वाचताना ऊर भरून आला. ही माझी माणसं.

आता माझ्याकडे सगळे नंबर आहेत, ज्यांना वस्तू नाहीत, आणि पाच वस्तू आहेत, ज्यांना नंबर नाहीत. अर्धं काम झालं.

११ मार्च, मंगळवार. सकाळी, कामावर जाण्यापूर्वी

शोध लागला!

व्हॉल्व्हच्या काळ्या बुडाशी, पायांच्या मधोमध, बारीक अक्षरात कोरलेला नंबर आहे. छापलेला नाही, कोरलेला. म्हणजे थिनरच्या बापाला जाणार नाही. ४१७.

दुसरा बघितला. ४१७. तिसरा, चौथा, पाचवा. ४१७.

म्हणजे पाचही व्हॉल्व्ह एकच आहेत! आता समजलं खाचा सारख्या का. कुठलाही कुठेही चालतो, कुठला कुठे होता हा प्रश्नच मुळात चुकीचा. बायकोचा होता तो प्रश्न. काचेच्या आतली जाळी एकमेकांशी जुळत नाही, एक बुटका आहे, एकाच्या डोक्यावर टोपी आहे, पण इतक्या वर्षांत माणसंही बदलतात.

११ मार्च, पुढे. संध्याकाळी

कॅटलॉगमध्ये ४१७ बघितला. समोर लिहिलंय: मागच्या पुठ्ठ्याचा स्क्रू.

छपाईची चूक. पेन्सिलने दुरुस्त केली.

१२ मार्च, बुधवार

पाचही बसवले. बटण फिरवलं. घूं आली नाही. विजयाची पहिली खूण.

मग एका व्हॉल्व्हमध्ये निळसर उजेड दिसला, सुंदर. मग वास आला. जळका म्हणणार नाही, गरम. मग घरातली वीज गेली.

बायको आतल्या खोलीत तिच्या ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलत होती. तिच्या साहेबांना ती वाक्याच्या मध्यात दिसेनाशी झाली. ती बाहेर आली. हॉलच्या दारात उभी राहिली आणि परत गेली. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं.

मामाला तपशील कळवला. त्याचं म्हणणं, ४१७ हा त्या काळ्या बुडाच्या साच्याचा नंबर, एकाच साच्यातून हजारो बुडं निघायची, त्याचा व्हॉल्व्हशी काडीचा संबंध नाही. हे त्याने आधी सांगायला काय झालं होतं? मी आधी विचारलं नव्हतं, ही सबब झाली.

१४ मार्च, शुक्रवार

निर्धार: घाई नाही. पद्धतशीर. रोज सकाळी अर्धा तास रेडिओ, आधी चहा नाही.

मामाने एक युक्ती सांगितली. काचेवरची शाई गेली तरी तिचा ठसा मागे राहतो. व्हॉल्व्ह थंड करायचा, त्यावर तोंडाने हाः करून वाफ सोडायची, की धुक्यात क्षणभर नंबर उमटतो. ऐकायला वेडगळ वाटतं. पण मी मोकळ्या मनाचा माणूस आहे.

१५ मार्च, शनिवार

हाः. काही नाही. हाः हाः. चष्म्यावर वाफ. चष्मा काढला तर दिसत नाही, घातला तर वाफ. बायको दारातून बघत होती. तिने विचारलं, घसा दुखतोय का.

१६ मार्च, रविवार

व्हॉल्व्ह पुरेसे थंड नव्हते. पाचही पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले.

दुपारी मटार काढायला गेलेल्या बायकोने विचारलं की मटारांच्या शेजारी बल्ब का ठेवलेत. मी सांगितलं, ते बल्ब नाहीत. ती म्हणाली, हे त्याचं उत्तर नाही. मग ओट्याशी उभ्या उभ्या हळू आवाजात म्हणाली की आईला बाकी काही नकोय, तिला फक्त ते ऐकायचंय, आणि तो लागत होता. तो लागत होता, हे दोनदा म्हणाली.

मी म्हटलं, लागेल. माझ्यावर विश्वास ठेव. तिने मटार धुवायला घेतले.

१७ मार्च, सोमवार. सकाळी

दिसला! टोपीवाल्या व्हॉल्व्हवर हाः केलं आणि धुक्यात स्वच्छ उमटला. एक अक्षर, मग आकडे. पेन शोधेपर्यंत गेला. अक्षर बहुतेक ई होतं. आकड्यांत कुठेतरी तीन होता. किंवा आठ.

दुसऱ्यांदा वाफ कमी पडू नये म्हणून चहाच्या आधणावर धरला. फ्रीझरमधून सरळ आधणावर. टक् असा आवाज आला. बारीकसा. काचेवर वरपासून खालपर्यंत एक रेघ.

कंपनीची काचही कच्ची.

१८ मार्च, मंगळवार

चार व्हॉल्व्ह राहिले. त्यातला एक, त्या दिवशी निळा उजेड दिला तो, आतून काळा पडलाय. म्हणजे तीन. तिघांनाही नंबर नाही.

कामावर लक्ष नाही. असेंब्लीच्या फोरमनने बेअरिंग पुसून आणलं, लख्ख, आणि म्हणाला आता नंबरच दिसत नाही साहेब, फार पुसलं गेलं. सही करून घेतलं.

१९ मार्च, बुधवार

स्वाभिमान बाजूला ठेवून साडूला फोन केला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पलीकडच्या गावात असतो. त्याच्या ओळखी सगळीकडे. पंख्यापासून गिझरपर्यंत घरात सगळं स्वतः करतो आणि केल्यावर काही बोलत नाही. हे न बोलणं सगळ्यात जास्त बोचतं.

त्याला विचारलं की एका मित्राच्या रेडिओसाठी जुने व्हॉल्व्ह कुठे मिळतील. साडू म्हणाला, नंबर सांगा, एका दिवसात मिळवतो. मी म्हटलं, मित्राने नंबर कळवलेले नाहीत. बरं म्हणाला. मग विचारलं, मित्राने पुसले का?

सगळ्या जगाला हा एकच प्रश्न सुचतो.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या सासूबाई. रेडिओ टेबलावर उघडा पडलाय. बायकोने तीन दिवसांत त्याचं नाव काढलेलं नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र नेहमीपेक्षा जोरात लागताहेत.

दुपारी मधल्या सुट्टीत उपाय सुचला. तात्पुरता. खोटेपणा म्हणता येणार नाही. एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा, कॅबिनेटच्या आत कापडामागे ठेवायचा, स्टेशन फोनवर लावायचं. आवाज त्याच पेटीतून, त्याच कापडातून. कार्यक्रम तेच. फक्त मधला तपशील वेगळा. आणि घूं नाही! एका अर्थी हीच खरी दुरुस्ती.

संध्याकाळी व्हॉल्व्ह जसे होते तसे आत घातले, स्पीकर ठेवला, रेडिओची पिन काढून ठेवली आणि पुठ्ठा लावून टाकला. चार स्क्रूंपैकी तीन मिळाले.

२२ मार्च, शनिवार

सासूबाई आल्या. वाळल्यात. जिना चढताना हात धरावा लागला. हॉलमध्ये आल्या आल्या त्या कोपऱ्याकडेच गेल्या. हाताने चाचपून कॅबिनेटच्या कडेवरून बोटं फिरवली, मग पुढच्या कापडावरून. म्हणाल्या, धूळ नाही याच्यावर. मी म्हटलं, मी स्वतः साफ केलाय.

लावू का विचारलं. त्यांनी स्वतःच बटण शोधलं आणि फिरवलं. मी खिशातल्या खिशात फोन दाबला. गाणं सुरू झालं. लगेच, स्वच्छ, खणखणीत. त्या मान तिरकी करून ऐकत राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, छान लागतो हो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला माहीत आहे. ती आत गेली.

जीव भांड्यात पडला. सासरे असते तर आज काही बोलू शकले नसते.

२३ मार्च, रविवार

उत्तम चाललंय. एकच अडचण. सासूबाई बटण फिरवून बंद करतात, तेव्हा मला फोनवर बंद करावं लागतं, म्हणजे मला कायम हॉलमध्ये बसावं लागतं. सकाळी आंघोळीला होतो तेव्हा त्यांनी रेडिओ बंद केला आणि तो बातम्या वाचतच राहिला. त्यांनी काही विचारलं नाही. शेवटपर्यंत ऐकल्या.

२५ मार्च, मंगळवार

दोन दिवस रजा काढली. कारण: घरगुती.

आज सासूबाईंनी दोन-तीनदा मला विचारलं, तुम्हाला त्रास होत नाही ना याच्यापायी. मी म्हटलं, त्रास कसला, माझं मन रमतं. त्यांनी माझ्या दिशेने हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर जरा वेळ ठेवला. साडूच्या मनगटावर कधी ठेवलेला मी बघितलेला नाही.

बायको रात्री म्हणाली, तू आईला सांग. मी म्हटलं, त्या खूश आहेत. ती म्हणाली, म्हणूनच. बायकांच्या बोलण्यातला हा दुवा मला कधीच सापडत नाही.

२६ मार्च, बुधवार. दुपारी

जे झालं त्यात माझी चूक नाही. फोनची आहे.

दुपारचं जेवण झालं. सासूबाई रेडिओसमोर खुर्चीत. भजन चालू. बायको सुट्टी घेऊन घरी होती, भाजी निवडत. तेवढ्यात भजन थांबलं आणि रेडिओच्या पोटात फोनची घंटी वाजायला लागली. मी खिशात हात घातला, घाईत कॉल तोडायचं ते बटण सोडून दुसरंच दाबलं गेलं. आणि रेडिओतून साडू बोलायला लागला.

म्हणाला, अहो, तुमच्या त्या मित्राचं काम झालं, एक दुकानदार मिळालाय, जुने व्हॉल्व्ह आहेत त्याच्याकडे, फक्त नंबर लागतील. मग म्हणाला, आणि एक सांगा, तो मित्र म्हणजे तुम्हीच ना? आईंना खोटंनाटं काही ऐकवू नका हो, त्यांना सरळ सांगितलेलं चालतं.

मी फोन दाबत होतो. आवाज आणखी मोठा होत होता. रेडिओतून हॅलो हॅलो येत राहिलं. शेवटी बायकोने उठून माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

सासूबाई हलल्या नाहीत. मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या की त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. बटण फिरवलं आणि लगेच गाणं लागलं, तेव्हाच. त्यांचा रेडिओ असा लगेच कधी लागायचा नाही. आधी घूं, मग माणूस. सासरे पहाटे उठून तो लावायचे, आणि ह्या आतल्या खोलीत अंथरुणात असायच्या. घूं ऐकू आली की कळायचं, उठले. मग डोळे मिटून आणखी थोडं पडायचं, कारण माणूस उठलेलं आहे घरात. गाणं काय, कुणाकडेही लागतं, म्हणाल्या.

बायकोने विचारलं, मग आई तू बोलली का नाहीस इतके दिवस. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू एवढी रजा काढून बसले होते.

मी आत जाऊन कॅटलॉग चाळला. काही दिसत नव्हतं. चष्म्यावर वाफ धरली होती.

२८ मार्च, शुक्रवार

रविवारी साडू येणार, रेडिओ बघायला. त्याने बघावा. माझं काही लपवण्यासारखं नाही.

निर्धार: तो विचारण्याआधी मीच सांगायचं. व्हॉल्व्ह मी धुतले, नंबर त्यात गेले. दोन वाक्यं आहेत. आरशासमोर म्हणून बघितली. दुसऱ्या वाक्यात कच्ची शाई आपोआप येते.

३० मार्च, रविवार

साडू आला. बायकोची बहीण त्याच्याबरोबर. चहा झाला. मी पहिलं वाक्य सुरू करणार तेवढ्यात साडूने पुठ्ठा काढला सुद्धा.

आत वाकून बघितलं. त्या फुगलेल्या कॅपॅसिटरवर बोट ठेवून म्हणाला, घूं याची. हा कोरडा पडलाय. नंबर छापलाय वर, कुठल्याही दुकानात मिळतो, पाच मिनिटांचं काम. तोच, ज्याच्यात मला अभ्यासासारखं काही दिसलं नव्हतं.

मग त्याने व्हॉल्व्ह काढले. एक तडकलेला, एक काळा. उरलेले उजेडात धरून फिरवले. कोरे. आरशासारखे. कॅपॅसिटर नवा घालू हो, म्हणाला, पण हे काय आहेत ते कोण सांगणार, आणि चुकीचे घातले तर उरलेलंही जाईल. राहू देत. मग विचारलं, हे धुतले कुणी?

खोलीत सगळे होते. बायको माझ्याकडे बघत होती. तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, ह्यांनीच धुतले असतील. जायच्या आधी. स्वच्छतेची फार होती त्यांना.

ज्या माणसाने जन्मभर मला रेडिओला बोट लावू दिलं नाही, त्या माणसावर आळ. त्यांच्या बायकोने. माझ्यासाठी.

साडूने मान हलवली. असेल, म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण तो न बोलणारा माणूस आहे. मी छताकडे बघितलं. छताला एक पोपडा आलाय.

उद्या सांगेन. सगळ्यांसमोर नाही, फक्त सासूबाईंना.

३१ मार्च, सोमवार

सकाळी सांगणार होतो. त्या झोपल्या होत्या. संध्याकाळी सांगणार होतो. पाहुणे होते. पाहुणे म्हणजे शेजारच्या काकू, वाटी परत करायला आलेल्या.

१ एप्रिल, मंगळवार

आज सांगितलं तर चेष्टा वाटेल.

५ एप्रिल, शनिवार

सासूबाई आज थोरल्या लेकीकडे गेल्या. साडू गाडी घेऊन आला होता. बॅग मी खाली नेली. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. मधल्या वळणावर दोघेच होतो. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, सांभाळून, इथे पायरी उंच आहे.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली आणि मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, रेडिओ टाकून नका हो देऊ. असू दे कोपऱ्यात. आता मात्र पुसू नका.

साडू समोर बघत होता. मी बरं म्हटलं.

दुपारी रेडिओ जागेवर ठेवला. पाचही व्हॉल्व्ह आत बसवले, तडकलेला धरून. कुठला कुठे, माहीत नाही. स्पीकर काढून ठेवला. मागचा स्क्रूही मिळाला, सोफ्याखाली. डोक्यावर बारीक नंबर कोरलेला आहे. ४१७. कॅटलॉग बरोबर होता. पेन्सिलीची खूण खोडली.

ग्रुप सोडला. त्याआधी मामाला लिहिलं की साठ वर्षं टिकलेल्या शाईला कच्ची म्हणता येणार नाही.